खांदेपालट

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे पडदेवाली म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तेवीस वर्षं ती लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेत होती, दुकानात बसून पडदे शिवत होती, आणि शिवून झाले की शिडीवर चढून टांगून येत होती. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, एका नव्या घराच्या दिवाणखान्यात, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिने पडद्याची दांडी वर धरली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. जोर करून पाहिला तशी खांद्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की दांडी हातातून सुटून खाली आदळली. घराची मालकीण दचकून मागे सरली. "तुम्हाला लागलं नाही ना?" असं पडदेवालीनेच विचारलं, आणि खाली उतरून भिंतीला टेकून उभी राहिली.

दुखणं काही एका दिवसात आलं नव्हतं. चार महिने खांदा कुरकुरत होता. आधी केस विंचरताना, मग पाठीमागचं बटण लावताना, मग त्या कुशीवर झोपताना. अंगावर काढायची सवय असलेल्या माणसाला दुखणं दिसतच नाही. आणि तिला ती सवय आप्पांमुळे लागली होती.

आप्पा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म मालाच्या लॉऱ्या चालवलेला थोराड माणूस. सहा वर्षांपूर्वी झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचाही गेली. तोंडात दोनच शब्द उरले: 'हो' आणि 'अगं'. भूक लागली तरी 'अगं', खिडकी लाव असं सांगायचं असलं तरी 'अगं', राग आला तरी तेच. आई आधीच गेलेली. पडदेवालीने लग्न केलं नव्हतं, आणि का ते विचारायचंही आता लोकांनी सोडून दिलं होतं. तेव्हा आप्पा तिच्याकडे राहणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत, असं दिवसातून सात-आठ वेळा ती त्यांना आपल्या उजव्या खांद्यावर घेऊन उभं करी. दुपारी शेजारच्या काकू दोनदा डोकावून जात. बाकी सगळं हिच्या अंगावर.

डॉक्टरांनी हात पुढे, बाजूला, मागे नेऊन पाहिला आणि म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. खांदा आखडलाय. जीवाला धोका नाही, पण वर्ष खाईल. व्यायामाला जायचं. आणि वडिलांना उचलणं आजपासून बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद."

मग धाकट्या भावाला फोन केला. तो आणि त्याची बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत, तिसऱ्या मजल्यावर. भाऊ वाईट नव्हता. वडिलांच्या औषधाला कधी नाही म्हणाला नाही, महिन्यातून एकदा येऊन जायचा, आणि आला की घड्याळाकडे बघायचा. आप्पांना घेऊन जायला तो आला त्या दिवशी वातावरण हलकं करायचं म्हणून म्हणाला, "चला, आमच्या खात्यात खांदेपालट झाली म्हणायची," आणि एकटाच हसला. भावजय तिकीटखिडकीवर नोकरी करायची, तिच्या गुडघ्यांची आधीच बोंब होती. ती हसली नाही. आप्पांची चादर घडी करता करता तिने विचारलं, "खांदा बरा होईपर्यंत ना, ताई?"

"हो तर," पडदेवाली म्हणाली. "तोवरच."

व्यायामाची खोली एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. दोन खाटा, मधे पडदा, कोपऱ्यात जबडा तुटलेला प्लॅस्टिकचा सांगाडा. पडद्याला चार बोटं कापड कमी पडलेलं आणि चुण्या कशाही घातलेल्या. ते पाहूनच पडदेवालीचं मन विटलं. फिजिओ जेमतेम अठ्ठावीस वर्षांची मुलगी. "या काकू," म्हणाली. काकू ऐकून पडदेवालीला आणखी वाईट वाटलं. पण मुलीचे हात बघण्यासारखे होते. तळवे रुंद, गरम, सुताराचे असावेत तसे. खांद्याला हात लावल्याबरोबर तिला दुखरी जागा कळली.

"सांध्याभोवती एक पिशवी असते," ती म्हणाली. "मऊ, सैल. काखेच्या बाजूला तिला चुण्या असतात. हात वर गेला की चुण्या उलगडतात. तुमच्या चुण्या एकमेकींना चिकटल्यात."

"म्हणजे चुण्या घालून वरून टीप मारून टाकली."

"अगदी तसंच," फिजिओ म्हणाली. "आता ती टीप आपल्याला उसवायचीय. ओढून फाडायची नाही. एकेक टाका."

तिने कोनमापकाने मोजलं. हात समोरून पंच्याऐंशी अंशांवर अडत होता. कोपर कुशीला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, तर दहा अंशसुद्धा होत नव्हते. मग गरम पाण्याची पिशवी, आणि मग तो खेळ सुरू झाला जो पुढे आठ महिने चालायचा होता. खाटेवर उताणं निजवून फिजिओ एका हाताने खांद्याचं पातं दाबून धरी आणि दुसऱ्या हाताने दंडाचं हाड खाली, मग मागे, अगदी थोडं थोडं सरकवी. पडदेवाली छताकडे बघत दात आवळून पडे. घरी करायचे व्यायाम वेगळे: टेबलावर डावा हात टेकून, वाकून, उजवा हात लंबकासारखा झुलवायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने आजारी हाताला वर ढकलायचं. टॉवेल पाठीमागे धरून वरच्या हाताने खालचा ओढायचा. आणि भिंतीसमोर उभं राहून दोन बोटांनी किड्यासारखं वर चढत जायचं, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची रेघ मारायची.

पहिले चार महिने रेघा एकमेकींवरच पडत होत्या. रात्रंदिवस खांदा ठणकत असे. मालकांनी तिला शिडीवरून काढून मशीनवर बसवलं होतं. पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हतीच ती. घर रिकामं होतं, आणि ते तिला आवडत होतं. सकाळी ती आपणहून जाग येईपर्यंत झोपत होती. चहा गरम असतानाच संपत होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती मैत्रिणीकडे जेवायला गेली आणि उठायची घाई केली नाही. आपल्याला हे आवडतंय हे जेव्हा लक्षात येई, तेव्हा ती टेबलाला टेकून हात झुलवायला लागे. दुखलं की बरं वाटे.

रविवारी ती आप्पांना भेटायला जाई. भावाने त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं. खोली स्वच्छ होती, चादर धुतलेली असे, दाढी मात्र दोन-तीन दिवसांची. भाऊ-भावजय दोघं कामावर जात, तेव्हा दिवसभर आप्पा पलंगावरच. पूर्वी खुर्चीत बसून रस्ता बघायचे, इथे खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. पडदेवाली गेली की ते डाव्या हाताने तिचं मनगट धरून ठेवत. "अगं," म्हणत. "अगं, अगं." निघताना तिला एकेक बोट सोडवून घ्यावं लागे.

"घरी न्यायचंय आप्पा, न्यायचंय," ती म्हणे. "खांदा बरा होऊ दे."

पाचव्या महिन्यात काहीतरी सुटलं. फिजिओ म्हणाली होती तसंच झालं: आधी दुखणं कमी झालं, मग हालचाल आली. भिंतीवरच्या रेघा वर सरकू लागल्या. सातव्या महिन्यात एका सकाळी साखर संपली म्हणून तिने वरच्या फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की डबा आपण उजव्या हाताने काढला. ती डबा घेऊन तशीच उभी राहिली. आनंद झाला, नाही असं नाही, पण तो टिकला नाही. त्याच दुपारी भावाचा फोन आला. कामाचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, जसं तो दर वेळी विचारायचा, "आणि काय म्हणतो खांदा?"

"आहे तसाच आहे," ती म्हणाली.

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघाल्यावर ते सांभाळणं आलं. रविवारी ती हात अंगाशी धरून बसू लागली. भावजयीने पाण्याचा तांब्या पुढे केला तर डाव्या हाताने घेऊ लागली. आणि खोट्याची वाट तळघरापर्यंत गेली, कारण भाऊ एकदा म्हणाला होता की मीच येऊन विचारतो त्या मुलीला, एवढा वेळ का लागतोय. खाटेवर निजल्यावर हात एका ठरावीक जागी आला की पडदेवाली खांदा कडक करी आणि 'आई गं' म्हणे.

फिजिओ दोन आठवडे काही बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात हात हळूहळू वर नेता नेता तिने सहज विचारलं, "काकू, आमच्या या पडद्याचं काय करायचं? नवा करायचा तर कापड किती लागेल?"

पडदेवालीने मान वळवून पाहिलं. "दांडी साडेसात फूट दिसतेय. चुण्या चांगल्या हव्या असतील तर दुप्पट रुंदी धरा, अडीच पट धरलं तर उत्तम. म्हणजे पावणेएकोणीस फूट. त्यात दोन्ही कडांना शिवणीचं वेगळं, आणि खाली दुमड चांगली सहा इंच ठेवायची, नाहीतर धुतल्यावर तुमचं असं होतं, चार बोटं आखूड..."

बोलता बोलता ती थांबली. तिचा उजवा हात तिच्या कानाच्या मागे, डोक्याच्या वर होता. फिजिओने तो तिथेच अलगद धरून ठेवला होता.

मग फिजिओने हात खाली आणून तिच्या पोटावर ठेवला.

"सांधा अडतो तेव्हा चामडं ताणल्यासारखा लागतो," ती म्हणाली. "तुमचा आता तसा अडत नाही. तुम्ही अडवताय. कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"का?"

पडदेवाली उठून बसली. पडद्याकडे बघत तिने सगळं सांगितलं: सहा वर्षं, मागची खोली, चहा, सगळं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "लोक जबाबदारी आली की हात वर करतात म्हणतात. मी हात खाली ठेवून तेच केलं."

"मी फायलीत खरं तेच लिहिणार," फिजिओ म्हणाली. "पण फाईल मी कुणाला वाचून दाखवत नाही. आणि एक सांगू? त्यांना उचलायचंच नसतं काकू. सरकवायचं असतं. फळी असते, पट्टा असतो. सहा वर्षं तुम्ही नुसत्या खांद्यावर काढलीत, तुम्हाला कुणी दाखवलं नाही. तुम्ही, भाऊ, भावजय, तिघं एकदा या. एक तास द्या मला. मग वाटूनही घेता येईल."

"बघते," पडदेवाली म्हणाली.

बघते म्हणजे काय ते दोघींनाही कळत होतं. त्या आठवड्यात तिने फोन उचलला आणि ठेवला. त्या रविवारी ती पोटात दुखतंय सांगून गेलीच नाही. पुढच्या रविवारी गेली तर भावाकडे पाहुणे होते, तेव्हा विषय काढायला नको म्हणून तिला हायसं वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी थंडी होती. आप्पांना स्वेटर घालावा म्हणून तिने त्यांना बसतं केलं. लुळा हात आधी घालायचा असतो, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिने त्यांचा उजवा हात नुसता धरला आणि आप्पा ओरडले. सहा वर्षांत त्यांचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातून भाऊ धावत आला, त्याच्या मागे भावजय.

पडदेवालीने सदऱ्याची बटणं काढली. खांद्याचं टोक वर आलेलं, आणि त्याच्या खाली, जिथे दंडाचं गोल हाड असायला हवं तिथे, बोटभर खळगा. फिजिओने तिला सांगाड्यावर हे दाखवलं होतं: लुळ्या हाताला धरून माणसाला ओढलं तर हाड जागेवरून असं खाली उतरतं. ती दोन बोटं त्या खळग्यावर ठेवून बसून राहिली.

"कधी झालं हे?"

भाऊ बायकोकडे बघायला लागला. भावजय दाराला टेकली.

"गुरुवारी," ती म्हणाली. "सकाळी. हे लवकर गेले होते. आप्पा बाथरूममध्ये घसरायला लागले, मी एकटी. डोकं आपटलं असतं ताई. जो हात हाताला लागला तो धरला मी. ओढून घेतलं." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "दुखतंय हे कळत होतं मला. आज तुम्ही याल, तुम्हाला कळेल, मग डॉक्टरकडे नेऊ, असं ठरवलं होतं. मला सुट्टी नव्हती."

"तुला किती वेळा सांगितलं होतं, सगळं तिच्या एकटीवर टाकू नकोस," पडदेवाली भावाला म्हणाली.

भावाचा चेहरा उतरला. "मग काय करायचं आम्ही? तुझा खांदा बरा होईना. आम्हालाही काही..."

तो पुढे बोलायच्या आत तिने उजवा हात वर केला. आधी समोर, मग वर, कानाला टेकेल इतका सरळ. कुठे अडला नाही.

"किती दिवस झाले?" भावजयीने विचारलं.

"सव्वा महिना."

भाऊ खुर्चीत बसला. "सांगायचंस तरी," म्हणाला. "नुसतं सांगितलं असतंस, की मला आता होत नाही."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

भावजय स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही नाही. ती तिथे नुसती उभी असणार.

दुपारीच आप्पांना दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं, पण खांदा जागचा हलला होता आणि आतले स्नायू दुखावले होते. हात गळ्यात अडकवायला झोळी दिली, औषधं दिली. तिथून गाडी पडदेवालीच्या घरी आली. भावाने आप्पांना आत आणलं, पलंगावर निजवलं, उशी सारखी केली, आणि जायला निघाला तरी दाराशी घुटमळला. मग "मी रविवारी येतो," एवढंच म्हणाला.

फिजिओ आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली. तिने फळी आणली, कमरेला बांधायचा पट्टा आणला, आणि पलंगावरून खुर्चीत माणूस न उचलता कसा सरकवायचा ते भावाला आणि पडदेवालीला दाखवलं. एका तासात शिकून झालं. शिकून झाल्यावर भाऊ त्या फळीकडे बघत राहिला. "एवढंच होतं होय," म्हणाला. पडदेवाली तोंड फिरवून उभी होती.

आप्पांचा हात मात्र वेगळा होता. फिजिओ त्याला उशीचा आधार देई, खांद्याचं पातं अलगद फिरवी, दंड दोन बोटांत धरून केसभर सरकवी. दहा मिनिटांत आप्पांच्या कपाळावर घाम येई.

"माझ्यासारखा सुटेल का?" पडदेवालीने विचारलं.

"तुमच्या खांद्याला ताकद होती, नुसती वाट बंद झाली होती," फिजिओ म्हणाली. "यांच्यात वाटेवर चालणारंच कुणी नाही. दुखू नये एवढं बघू आपण."

फिजिओला आप्पा हात लावू देत. पडदेवाली जवळ आली की मात्र अंग आक्रसून घेत, चांगला हात आडवा धरत. ती कपडे बदलायला आली तरी तेच. तिने दुखवलं नव्हतं, पण तो सदरा उघडून बोटं ठेवणारी तीच होती, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असेल. किंवा आणखी काही. एका दुपारी तिने त्यांच्यासमोर बसून खरं काय ते सांगितलं. माझा हात बरा झाला होता, मी तुम्हाला मुद्दाम आणलं नाही. आप्पा खिडकीकडे बघत होते. थोड्या वेळाने ते "हो," म्हणाले. ते कशाला हो होतं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही.

हात तीस अंशांच्या पुढे कधी गेला नाही. थंडी सरता सरता त्यांना ताप आला, छातीत कफ झाला, आणि पाचव्या दिवशी ते गेले. न्यायच्या आधी अंगात चांगला सदरा घालायचा होता. पडदेवालीने सवयीने उजवा हात आधी घेतला. तो आता हवा तसा वळत होता, आणि तिला तो घाईने बाहीत घालवेना.

त्यानंतर ती पुन्हा शिडीवर चढू लागली. मालक म्हणाले, "जपून." फिजिओने शेवटचं माप घेऊन फाईल बंद केली, एकशे पासष्ट अंश. तळघरातला पडदा पडदेवालीने नवा शिवून दिला आणि स्वतः टांगला. त्याचं कौतुक झालं, ते तिने ऐकून घेतलं.

भाऊ अजून रविवारी येतो. आता त्याला उचलायला काही नसतं, पण तो येतो. दोघं समोरासमोर बसतात, तो वर्तमानपत्र चाळतो, ती काहीतरी शिवत असते. घड्याळाकडे तो बघत नाही. भावजय येत नाही. फोनवर बोलते, तब्येतीची चौकशी करते: डोळे, रक्तदाब, झोप. खांद्याचं मात्र तिने त्या दिवसानंतर कधी विचारलं नाही.